कोल्हापूर ते जोरहाट: नकाशावरचे तीन तास आणि तिकिटावरचे अकरा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. धाकटा भाऊ सैन्यात आहे, सध्या आसामात जोरहाटजवळ. डिसेंबरमध्ये आईवडिलांना गडहिंग्लजहून त्याच्याकडे पाठवायचं आहे. दोघंही साठीच्या पुढचे, विमानात पहिल्यांदाच बसणार. अंतर सांगणाऱ्या एका साइटवर ‘कोल्हापूर ते जोरहाट २,३३५ किलोमीटर, विमानाने २ तास ५५ मिनिटं’ असं दिसलं. तिकीट काढायला गेलात तर कमीत कमी दहा-अकरा तास, आणि काही ठिकाणी दिल्लीला वळसा घालून चक्क बावीस. यातलं खरं कोणतं, आणि त्यांना पाठवायचं कोणत्या मार्गाने?

अंतराचा आकडा बरोबर आहे. वेळेचा आकडा मात्र अशा विमानाचा आहे जे उडतच नाही, आणि उडालं असतं तरी तीन तासांच्या आत पोचलं नसतं. मार्गाबद्दल माझं मत आधीच सांगून टाकतो: प्रवासाच्या दोन्ही टोकांना लहान विमानतळ धरू नका. एकाच टोकाला धरा, आणि तुमच्या बाबतीत ते टोक जोरहाटचं असू द्या. विमान कंपन्यांच्या उड्डाण-नियोजन कक्षात मी नोकरी केली आहे. कुठलं विमान कुठल्या मार्गाने, किती इंधन घेऊन, किती वेळात जाईल हे काढणं हेच काम. त्यामुळे हे मत कशावरून, तेही सविस्तर सांगतो.

अंतरापासून सुरू करू, कारण ते तुम्ही स्वतः दहावीच्या गणितावर पडताळू शकता. कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ साधारण १६.६६ अंश उत्तर अक्षांश आणि ७४.२९ अंश पूर्व रेखांशावर आहे. जोरहाटचा रौरिया विमानतळ २६.७३ उत्तर, ९४.१८ पूर्व. म्हणजे उत्तरेकडे १०.०७ अंश आणि पूर्वेकडे १९.८९ अंश जायचं. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून उत्तरेकडचं अंतर १,११८ किलोमीटर. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तापासून दूर जाऊ तसा आखडत जातो. दोन्ही गावांच्या मधला अक्षांश २१.७ आहे, त्याची कोज्या ०.९२९. तेव्हा १९.८९ गुणिले १११ गुणिले ०.९२९, म्हणजे २,०५१ किलोमीटर पूर्वेकडे. आता पायथागोरस लावा: दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर येतं २,३३६. गोलाकार पृथ्वीचं काटेकोर सूत्र वापरलं तर २,३३५. साइटही तेच सांगते.

गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर सपाट नकाशावर वक्र दिसतं, हे तुम्ही ऐकलं असेल. मुंबईहून अमेरिकेला जाणारी विमानं नकाशावर इतकी वर का चढतात, त्याचं कारण तेच. पण आपल्या अक्षांशात, इतक्या अंतराला, सरळ रेघ आणि वक्र रेघ यांच्यात जेमतेम एक-दोन किलोमीटरांचा फरक पडतो. त्याची फिकीर नको.

ही रेघ कुठून जाते ते बघण्यासारखं आहे. उजळाईवाडीहून निघून ती सोलापूरच्या डोक्यावरून तेलंगणात निजामाबाद आणि आदिलाबादच्या बाजूला जाते. गडचिरोली जिल्हा ओलांडते, रायपूरच्या दक्षिणेकडून पुढे सरकते आणि प्रवासाचा बरोबर मध्य ओडिशातल्या झारसुगुड्याच्या जवळ येतो. मग रांची आणि जमशेदपूर यांच्या मधून, दुर्गापूरच्या बाजूने बंगालमध्ये. त्यानंतर थेट बांगलादेश: राजशाही, बोगुरा हा सगळा पट्टा. मग मेघालय, शिलाँगच्या आसपास, आणि शेवटी काझीरंगाच्या बाजूने जोरहाट. देशातल्या देशात प्रवास, पण सरळ जायचं तर दुसऱ्या देशाच्या आकाशातून. हे चालतं. कोलकात्याहून ईशान्येकडे जाणारी आपली विमानं बांगलादेशावरून जातात आणि त्याचं शुल्क भरतात.

आता वेळ. साइटने केलं आहे ते एवढंच की २,३३५ ला ताशी ८०० ने भागलं. जेट विमान ३५ हजार फुटांवर पोचलं की ताशी सुमारे ८३० किलोमीटरने जातं, म्हणून ८०० हा आकडा तसा वाईट नाही. पण विमान त्या वेगाने जन्माला येत नाही. आधी ते टॅक्सी करत धावपट्टीच्या टोकापर्यंत जातं, रांगेत थांबतं, वर चढताना वीस-पंचवीस मिनिटं कमी वेगात असतं, उतरतानाही तसंच, आणि मोठ्या विमानतळावर उतरण्याआधी एखादं वळण जास्त घेतं. शिवाय आकाशातही रस्ते ठरलेले असतात. ठरावीक बिंदूंवरून जावं लागतं, हवाई दलाच्या राखीव क्षेत्रांना वळसा घालावा लागतो. त्यात अंतर साधारण तीन ते पाच टक्क्यांनी वाढतं. तिकिटावर छापलेली वेळ या सगळ्यासकट असते. चाकांखालचे अडसर काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंतचा वेळ, त्याला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो.

घरबसल्या अंदाज काढायचा असेल तर माझी पद्धत घ्या. एअरबस किंवा बोइंग असेल तर किलोमीटरला ८०० ने भागा आणि वर ४० मिनिटं मिळवा. पंख्याचं लहान एटीआर विमान असेल तर ४८० ने भागा आणि अर्धा तास मिळवा. मुंबई–कोलकाता १,६६५ किलोमीटर: दोन तास पाच मिनिटं अधिक चाळीस, म्हणजे पावणेतीन तास. तिकिटावरही त्याच्या आसपासच दिसेल. कोल्हापूर–मुंबई ३१० किलोमीटर एटीआरने: चाळीस मिनिटं अधिक तीस, एक तास दहा मिनिटं. या हिशेबाने कोल्हापूर–जोरहाट थेट विमान असतं तर ३ तास ३५ मिनिटं लागली असती.

याच पद्धतीचा उलटा उपयोगही होतो. कोलकाता–जोरहाट ७३५ किलोमीटर आहे. तिकिटावर दीड तासाच्या आसपास वेळ दिसली तर जेट आहे, दोन तासांच्या आसपास दिसली तर एटीआर. एटीआर खालून उडतं, ढगांतून जातं आणि जास्त हलतं. पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या माणसांना हे आधी सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर आई घाबरतील.

वाऱ्याचंही सांगतो, कारण डिसेंबर आहे. हिवाळ्यात उत्तर भारतावरून, हिमालयाच्या दक्षिणेला, पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारा जोरदार झोत दहा-बारा किलोमीटर उंचीवर वाहत असतो. तुमच्या मार्गावर तो कोल्हापूरकडे सौम्य आणि आसामच्या बाजूला जास्त. सगळ्या मार्गाची सरासरी ताशी ९० किलोमीटर धरली, तर जाताना पंधरा-वीस मिनिटं वाचतात आणि येताना तेवढीच वाढतात. म्हणून परतीच्या तिकिटावर वेळ जास्त दिसली तर गोंधळून जाऊ नका. पावसाळ्यात हा झोत उत्तरेकडे सरकतो आणि दक्षिण भारतावर वरच्या थरात उलट, पूर्वेकडून वारा सुटतो. तेव्हा हा फरक जवळजवळ पुसला जातो.

मग थेट विमान का नाही? लोक म्हणतात मागणी नाही, आणि ते खरंच आहे. एअरबस ३२० मध्ये १८० माणसं बसतात. कोल्हापूर परिसरातून जोरहाट परिसरात रोज १८० माणसं जात नाहीत, आठवड्यालाही जात नसावीत. पण मागणी असती तरी दुसरी अडचण जमिनीवर आहे. कोल्हापूरचा विमानतळ १९३९ साली, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात सुरू झाला. धावपट्टी बरीच वर्षं १,३७० मीटर होती, ती अलीकडे टप्प्याटप्प्याने वाढवली. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. उंचीवर आणि उन्हात हवा विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही कमी पडतो, म्हणून विमानाला उडायला जास्त लांब धाव घ्यावी लागते. भरलेली एअरबस, वर २,३३५ किलोमीटरचं आणि राखीव असं सगळं इंधन, हे वजन तिथून एप्रिलच्या दुपारी उचलायचं तर दोन हजार मीटरहून बरीच लांब धावपट्टी हाताशी हवी. नाहीतर माणसं उतरवा किंवा इंधन कमी घ्या. एटीआरला छोटी धावपट्टी पुरते, पण सत्तर माणसं घेऊन ते पंधराशे किलोमीटरच्या आसपासच जाऊ शकतं. म्हणजे जे विमान इथून आरामात उडतं ते जोरहाटला पोचत नाही, आणि जे पोचतं त्याला इथून पूर्ण वजनाने उडणं अवघड.

उडान योजनेबद्दलही लोक विचारतात. ती २०१६ मध्ये जाहीर झाली, पहिलं विमान एप्रिल २०१७ मध्ये शिमला–दिल्ली उडालं. लहान गावं जवळच्या मोठ्या शहराशी जोडायची, हा तिचा मुख्य उद्देश. कोल्हापूरलाही तिचा चांगला फायदा झाला. पण देशाच्या एका कोपऱ्यातलं लहान गाव दुसऱ्या कोपऱ्यातल्या लहान गावाशी जोडणं तिच्या आवाक्यातलं नाही. तेव्हा मधे मोठं शहर येणारच.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मोठं शहर मधे आल्याने अंतर फारसं वाढत नाही. कोल्हापूर–हैदराबाद ४४५ किलोमीटर, हैदराबाद–कोलकाता १,२०७, कोलकाता–जोरहाट ७३५. बेरीज २,३८७. थेट रेघेपेक्षा अवघे ५२ किलोमीटर जास्त, कारण हैदराबाद आणि कोलकाता ही दोन्ही शहरं त्या रेघेपासून फार लांब नाहीत. मुंबईमार्गे गेलात तर बेरीज २,७१० होते, कारण आधी उलट दिशेला, वायव्येकडे जावं लागतं. मुंबई, दिल्ली, गुवाहाटी असं फिरून गेलात तर ३,१७० च्या आसपास. तुम्हाला दिसलेला बावीस तासांचा पर्याय हाच असणार, दिल्लीला रात्र काढून.

आता हैदराबादमार्गे विमानात बसायचा वेळ काढा. पहिला टप्पा एटीआरने १ तास २६ मिनिटं, दुसरा २ तास १० मिनिटं, तिसरा १ तास ३५. एकूण सव्वापाच तासांच्या आत. थेट विमानापेक्षा दीड-पावणेदोन तास जास्त. तिकिटावर अकरा तास दिसतात, म्हणजे जवळजवळ सहा तास विमानतळावरच्या खुर्चीत. प्रवास लांबतो तो इथे. जोरहाटला दिवसाला मोजकीच विमानं जातात, ती त्यांच्या वेळेला जातात, आणि कोल्हापूरहून निघणारं विमान त्याच्या वेळेला निघतं. दोन लहान विमानतळांची वेळापत्रकं एकमेकांकडे बघून ठरवलेली नसतात. दोन्ही टोकांना असा अट्टाहास केला की मधली प्रतीक्षा ज्याच्या-त्याच्या नशिबावर.

जोरहाटची विमानं मोजक्या तासांतच का जातात, यालाही कारण आहे. तो हवाई दलाचा तळ आहे. दुसऱ्या महायुद्धात हिमालय ओलांडून चीनला रसद नेणारी विमानं इथून उडायची. आजही धावपट्टी हवाई दलाची आणि नागरी प्रवाशांसाठी तिथे एक स्वतंत्र भाग. त्यात सूर्याचं गणित. कोल्हापूर आणि जोरहाट यांच्यात जवळजवळ वीस अंश रेखांशाचं अंतर आहे, आणि एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य तिथे ऐंशी मिनिटं आधी डोक्यावर येतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. त्यातच उत्तरेकडे हिवाळ्यात दिवस अधिक लहान. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कोल्हापुरात सूर्य सहा वाजून गेल्यावर मावळतो, जोरहाटला साडेचारच्याही आधी. पाच वाजता तिथे काळोख. चहाच्या मळ्यांनी म्हणूनच स्वतःचं घड्याळ एक तास पुढे ठेवलं आहे, त्याला तिकडे ‘बागान टाइम’ म्हणतात. आईवडिलांना हे सांगून ठेवा, म्हणजे चारच्या सुमाराला उतरून बाहेर पडेपर्यंत अंधारलं तर त्यांना विमान उशिरा आलं असं वाटणार नाही.

सकाळची अडचण धुक्याची. डिसेंबर-जानेवारीत ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात पहाटे धुकं साचतं आणि ऊन वर येईपर्यंत हलत नाही. उड्डाण-नियोजनात आम्ही प्रत्येक विमानासाठी एक पर्यायी विमानतळ ठरवतो, मुक्कामी उतरता आलं नाही तर तिथे जायचं, आणि तेवढं इंधन बरोबर घ्यायचं. जोरहाटसाठी जवळचे पर्याय दिमापूर आणि दिब्रुगड, दोन्ही शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. नेहमीच्या दिवशी ते उत्तम. पण धुकं सगळ्या खोऱ्यावर पसरलं असेल तर दिब्रुगडही दिसत नाही, आणि मग गुवाहाटी किंवा थेट कोलकाता धरावा लागतो. पर्यायी विमानतळ लांब गेला की इंधन वाढतं, इंधन वाढलं की वजन वाढतं, आणि एटीआरसारख्या विमानात सामान किंवा प्रवासी कमी करायची वेळ येऊ शकते. म्हणून डिसेंबरात जोरहाटसाठी अगदी सकाळचं विमान मी घेणार नाही. अकरा ते दोनच्या दरम्यान उतरणारं विमान मिळालं तर तेच घ्या.

तुमच्यासाठी मार्ग कोणता? गडहिंग्लजहून कोल्हापूर जेवढं लांब, जवळजवळ तेवढंच बेळगाव. तिथल्या सांबरा विमानतळाची धावपट्टी २,३०० मीटरची आहे आणि तिथे एअरबस उतरते. पण तिथूनही कोलकात्याला जायचं तर बहुतेक वेळा मधे एक विमान बदलावं लागणार, म्हणजे जोरहाटपर्यंत दोन बदल. कोल्हापूरपेक्षा विमानं जास्त, एवढाच फायदा.

माझा कल मोप्याकडे, म्हणजे उत्तर गोव्यातल्या विमानतळाकडे आहे. आजरा, आंबोली, सावंतवाडी करत गडहिंग्लजहून मोप्याला गाडीने तीन-साडेतीन तास लागतील. गोव्याहून कोलकात्याला थेट विमानं असतात. अंतर सुमारे १,७१० किलोमीटर, वेळ पावणेतीन तासांच्या आसपास. पुढे कोलकाता–जोरहाट. म्हणजे एकच बदल. घर सोडल्यापासूनचे तास मोजले तर कोल्हापूरमार्गे आणि मोपामार्गे फारसा फरक पडत नाही, दोन्हीकडे बारा-तेराच्या आसपास. फरक जोडांचा आहे. कोल्हापूरमार्गे दोन ठिकाणी विमान गाठायचं असतं आणि त्यातलं पहिलं उशिरा निघालं की पुढचं सगळं कोसळतं. मोप्याला गाडी तुमच्या हातात असते, पहाटे लवकर निघालात की झालं. डिसेंबरात आंबोलीत पावसाळ्यासारखं दाट धुकं नसतं. पावसाळ्यात मात्र हाच सल्ला मी दिला नसता. तेव्हा घाटात वेळेचा भरवसा नाही, पुणे बरं.

पुणे हा दुसरा पर्याय. तिथून कोलकात्याला थेट विमानं आहेत. पण गडहिंग्लज ते पुणे पाच-सहा तासांचा रस्ता, आणि त्यात महामार्गाची कामं. पुण्यात कुणी नातेवाईक असतील आणि आदल्या रात्री मुक्काम होणार असेल, तरच.

तुम्ही विचाराल, जोरहाटच्या टोकालाही हाच नियम का नको? गुवाहाटीला उतरावं, तिथून गाडीने जावं. गुवाहाटी–जोरहाट आकाशातून २६७ किलोमीटर, रस्त्याने तीनशेच्या वर. साठीच्या माणसांना, अनोळखी मुलुखात, साडेचारला मावळणाऱ्या दिवसात, सहा-सात तास गाडीत बसवणं मला पटत नाही. जनशताब्दी रेल्वे आहे, ती चांगली आहे, पण ती सकाळी गुवाहाटीहून सुटते, म्हणजे गुवाहाटीत मुक्काम आला. विमान रद्द झालं तर कामाला येईल म्हणून तेवढी लक्षात ठेवा. आपल्या बाजूचा रस्ता त्यांच्या ओळखीचा आहे, वाटेत चहाला थांबता येतं, भाषा आपली आहे. लांबचा रस्ता निवडायचा तर तो ओळखीच्या मुलखात निवडावा.

कोलकात्यात रात्र काढावी का? माझ्या मते होय. दुपारच्या विमानाने संध्याकाळी कोलकात्याला पोचायचं, विमानतळाजवळ मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी उशिराचं जोरहाटचं विमान. खर्च एका रात्रीचा वाढतो. पण पहिलं विमान तीन तास उशिरा आलं तरी पुढचं चुकत नाही, आईवडील झोपून ताजेतवाने होतात आणि जोरहाटला उजेडात उतरतात. एकाच दिवशी जायचंच असेल तर कोलकात्यात मधे किमान तीन तास ठेवा. साइट तासा-सव्वा तासाची जोडणीही विकते. नियमाने ती चालते, पण ती विमानतळ पाठ असलेल्या, पाठीवर एक पिशवी घेतलेल्या माणसासाठी. व्हीलचेअरवरून जाणाऱ्यासाठी नाही.

तिकीट दोन्ही टप्प्यांचं एकत्र काढा, एकाच पीएनआरवर. दोन वेगळी तिकिटं कधीकधी हजार-दीड हजाराने स्वस्त पडतात आणि लोक तिथेच फसतात. एकत्र तिकीट असेल तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकल्यावर तुम्हाला पुढे पोचवणं कंपनीकडे येतं. वेगळी असतील तर दुसरी कंपनी म्हणणार, तुम्ही वेळेवर आला नाहीत. सामानाचंही तसंच. एकाच दिवशीचा प्रवास आणि एकच पीएनआर असेल तर बॅग मोप्यात दिली की ती थेट जोरहाटला मिळू शकते. टॅगवर शेवटचं गाव जोरहाट लिहिलंय ना, ते काउंटरवरच वडिलांना बघायला सांगा. मधे रात्र असेल तर बॅग कोलकात्याला घ्यावी लागेल असं धरून चला आणि तिथेच विचारून खात्री करा.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा. वडील चालते-फिरते असले तरी मागा. कोलकात्याचं टर्मिनल मोठं आहे, आणि व्हीलचेअर ढकलणारा माणूस बरोबर असला की गेट शोधायची चिंता उरत नाही. पहिल्यांदा प्रवास करणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी यासारखी दुसरी सोय नाही. जोरहाटला उतरताना आणि उतरल्यावर मोबाइलने फोटो काढू नका, हेही त्यांना बजावून ठेवा. हवाई दलाचा तळ आहे, तिथे मनाई असते. भावाला पास, गेट, गाडी यांचं आधी ठरवून ठेवायला सांगा.

तारखा ठरवताना एक बघा. विमान कंपन्यांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. आज, उन्हाळी वेळापत्रकात तुम्हाला जे जोरहाटचं विमान दिसतंय ते डिसेंबरात त्याच वेळेला असेलच असं नाही. तिकीट लवकर काढलंत तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा उघडून वेळ तपासा. वेळ बदलल्याचा संदेश तिकिटावर दिलेल्या नंबरला येतो, म्हणून तो नंबर तुमचा द्या, एजंटचा नको.

परतीचा विचार वेगळा करायला हवा. जाताना शेवटचा टप्पा जोरहाटचा असतो आणि तिथे भाऊ वाट बघत असतो. येताना सकाळच्या धुक्यामुळे जोरहाटहूनच उशीर होण्याची शक्यता जास्त, त्यात समोरून वारा, आणि गाठायचं असतं ते दिवसातलं एकुलतं विमान. ते चुकलं तर पुढे काय, याचं उत्तर तिकीट काढण्याआधी तयार असावं. परत येताना मोपा जमलं तर उत्तम, गाडी न्यायला पाठवता येते आणि ती थांबूही शकते. वेळा जुळत नसतील तर कोलकात्याहून मुंबई घ्या, पण मुंबई–कोल्हापूर विमान त्याच तिकिटात जोडायचा हट्ट धरू नका. मुंबईहून रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस आहे, सकाळी ती कोल्हापूरला सोडते. तिची दोन खालची बर्थ आधीच आरक्षित करून ठेवा आणि विमान मुंबईत दुपारी तीनच्या आत उतरेल असं निवडा. कोलकात्यातून ते साधायचं तर आदली रात्र तिथे काढणं आलं. विमान दोन तास उशिरा आलं तरी सीएसएमटी गाठता येईल, आणि स्टेशनवर उतरून गडहिंग्लजची एसटी धरायला त्यांना कुणाला विचारावं लागणार नाही.